आधी कडी, मग मशाल

जाफराबाद तालुक्यातल्या आमच्या टेंभुर्णीत पुतण्या सध्या मोठा कुक्कुटपालक झालाय, अर्थात माइनक्राफ्टमध्ये. तिथं कुंपण घातलंय, वर छत टाकलंय, अंधारात राक्षस उगवू नयेत म्हणून मशाली लावल्यात. त्याची कोंबडी पाच-दहा मिनिटांत अंडं देते. ते उबवायलाही नको. भिरकावलं की सरासरी आठातून एकदा पिल्लू बाहेर, आणि 20 मिनिटांत त्याची कोंबडी! आमच्या घरात कुणी अंडं भिरकावलं असतं, तर आईनं महाभारत घडवलं असतं.

तिची खुडूक कोंबडी 21 दिवस पाटीतून हलत नाही. वर घार, खाली मुंगूस आणि पावलोपावली मानमोडी. 2006 साली बर्ड फ्लूमुळे नवापुरात लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. तेव्हा डाव पुन्हा मांडायचं बटण कुणाकडेच नव्हतं.

परवा रात्री पुतण्या मशाली मोजत बसला आणि अंगणातल्या खुराड्याची कडी राहिली. सकाळी पिसं तेवढी उरली.

“आजी, गेममधल्या सगळ्या सुखरूप आहेत.”

“मग रविवारचा रस्साबी तिथंच वरप, बाबा.”

तेव्हा पोरांनो, मशाली खुशाल लावा. आधी तेवढी कडी लावा.