८३ पट झूम आणि दोन किलो मूगडाळ

ताडोब्याच्या गाभा क्षेत्रात मोबाईल नेता येत नाही. या एका नियमापायी आमच्या घरात कॅमेरा आला. नाहीतर शेजाऱ्यांच्या बोक्याचं मोबाईलवर चित्रीकरण करून मी सुखात होतो.

दुकानात गेलो तेव्हा मला एकच शब्द येत होता: झूम. निकॉनच्या पी-९००ला ८३ पट ऑप्टिकल झूम आहे, म्हणजे २००० मिलिमीटरच्या लेन्सइतकी नजर, हे पाठ करूनच गेलो होतो. दुकानदार भला माणूस. म्हणाला, “एवढा झूम एवढ्याशा डब्यात बसवायचा तर आतला सेन्सर करंगळीच्या नखाएवढाच ठेवावा लागतो. त्याला उजेड पुरत नाही. आणि तुमचा वाघ निघणार पहाटे, नाहीतर तिन्हीसांजेला. चित्रात नुसती वाळू दिसेल.” मोठ्या सेन्सरचा दाखवा म्हटलं. त्यानं दाखवला. त्याच्या लेन्सची किंमत ऐकल्यावर करंगळीचं नख मला चांगलं ऐसपैस वाटू लागलं.

पी-९००च्याच जातीतला एक घेतला. त्यावर सलग २९ मिनिटंच चित्रीकरण होतं. अर्ध्या तासावर गेला की युरोपात त्याला व्हिडिओ कॅमेरा धरून जादा जकात लावत, म्हणून ही मेख. माझं आजवरचं सर्वांत लांब चित्रीकरण ११ सेकंदांचं आहे; त्यामुळे युरोपशी माझं काही भांडण नाही.

जिप्सीत ट्रायपॉडला जागा नसते. तिथं बीनबॅग लागते: कापडी पिशवीत धान्य भरायचं, ती दांडीवर टाकायची आणि लेन्स तिच्यात रुतवायची. मी दोन किलो मूगडाळ भरली. “अहो, पापडांची डाळ आहे ती!” एवढंच बायको म्हणाली. पुढचं तिनं गाडीत बसल्यावर म्हणायचं ठेवलं होतं.

तिसऱ्या फेरीला वानर खोकलं, मागोमाग चितळ ओरडलं. मी झूम पार टोकाला नेला. २००० मिलिमीटरला वीस मीटरवरची जेमतेम सव्वा फूट रुंदी चौकटीत मावते, हे तेव्हा ठाऊक नव्हतं. त्या फटीतून मी वाघ हुडकत होतो. गवत. पुन्हा गवत. मग सागाचं एक पान, किडीनं खाऊन नुसती जाळी उरलेलं. ऑटोफोकसला ते इतकं आवडलं की तो तिथून हलेना. शिर न् शिर दिसत होती.

“साहेब, तिकडं काय पाहून राहिले?” गाईड कुजबुजला. “गाडीपाशी आली ना ती!”

कॅमेरा वळवला. सगळं नारिंगी. काठ नाही, पट्टा नाही, नारिंगी धुकं. झूम मागे यायला तीन सेकंद लागतात. तेवढ्यात वाघीण मागच्या चाकाजवळून निघून बांबूत शिरलीसुद्धा. बायकोनं सगळं पाहिलं होतं. “डावा कान जरासा फाटलाय तिचा,” ती म्हणाली, “आणि ती तुमच्याकडेच बघत होती.”

११ सेकंदांत आठ सेकंद नारिंगी आहे, तीन सेकंद ड्रायव्हरची टोपी. कुणीतरी फोडलेल्या वेफर्सच्या पुडीचा आवाज मात्र फार सुरेख आलाय.

कॅमेरा विकायचा आहे. झूम चालू स्थितीत. बीनबॅग रिकामी मिळेल, पापड झाले.