चाळीस टनांचं दार

'घरी दारात बोट सापडले.'

केसपेपरवरचं हे एक वाक्य मी गेले चार दिवस वाचतो आहे. डॉक्टरचं अक्षर असूनही ते लागतं, शंकेला पहिली जागा इथेच. बोट उजव्या हाताचं, अनामिका. टोक साफ उडालेलं. वेळ सकाळी सव्वासात. सोबत आलेली व्यक्ती: शेठ. सकाळी सव्वासातला कामगाराच्या घरी दार लावायला त्याचा शेठ हजर असतो, इतकं जिव्हाळ्याचं औद्योगिक वातावरण आपल्याकडे आहे, हे मला तरी ठाऊक नव्हतं.

दारात बोट सापडण्याचा अनुभव कुणाला नाही? नख काळंनिळं होतं, आई फुंकर घालते, आजी दाराला दोन चापट्या मारते, काही महिन्यांत नख गळून नवं येतं. काकडीचं टोक उडवावं तसं बोटाचं टोक सहसा जात नाही. म्हणून मी दाराची चौकशी केली. तर हे दार वरून खाली येतं. त्याच्या चौकटीवर '४० टन' असं कोरलेलं आहे. खाली डाय बसवलेली आहे. दार मिटलं की खाली एक वॉशर पडतो, उघडलं की पुढची पट्टी सरकवायची. शेडमध्ये त्याला पॉवर प्रेस म्हणतात, पण शेडमधल्या लोकांना काय कळतंय? डॉक्टरांनी दार म्हटलंय म्हणजे दार.

आमच्या औद्योगिक पट्ट्यातली दारं अलीकडे फारच माजली आहेत. भाड्याच्या खोल्यांच्या कुठल्याही गल्लीत चक्कर मारा, साडेनऊ बोटांचा एक तरी इसम चहाचा ग्लास धरून बसलेला सापडेल, आणि त्याच्या कागदावर दारच असेल. ही दारं फक्त शिफ्टच्या वेळेत चावतात. टार्गेट वाढलं की जास्त चावतात. गुरुवारी साप्ताहिक सुट्टी आणि वीज बंद, त्या दिवशी सगळी दारं गोगलगाय. बायकापोरांना चावत नाहीत, घरमालकाला चावत नाहीत, भाडं मागायला आलेल्यालासुद्धा नाही. चावतात ती फक्त ऑपरेटरला. बरं, आपण दाराला लिंबूमिरची बांधतो ती बाहेरच्या बाजूनं, त्यामुळे आतून चावणाऱ्या दारावर तिचा काही इलाज चालत नाही. एखाद्या समितीनं सुतारांना बोलावून जाब विचारायला हरकत नाही.

शेवटी मी त्या केसपेपरवाल्याच्या खोलीवर गेलो. लातूरकडचा पोरगा, वय पंचवीस, खोलीत चौघं. दार आहे. प्लायवूडचं. गेल्या पावसात फुगलं, तेव्हापासून मिटत नाही. रात्री त्याला आतून गॅसचं सिलिंडर टेकवून झोपतात.

आता हे दार केसपेपरवर आलं कशासाठी? तर बोट प्रेसमध्ये गेलं तर पैसे द्यावे लागतात, दारात गेलं तर नाही. १९२३ साली साहेबानं कायदा केला, कामावर असताना कामामुळे इजा झाली तर मालकानं भरपाई द्यायची. आधी त्याच्या नावात कामगार होता, २०१० पासून कर्मचारी झाला, आणि २१ नोव्हेंबर २०२५ ला अख्खा कायदाच सामाजिक सुरक्षा संहितेत विरघळला. कुठल्या अवयवाला किती, तो टक्क्यांचा तक्ता मात्र तिथंही आहे. आमच्या पोराचा अपघात त्या वर्षीच्या दिवाळीच्या आधीचा, म्हणजे जुन्याच पुस्तकातला.

तक्ता वाचण्यासारखा आहे. अंगठा ३० टक्के. तर्जनी अख्खी १४, मधलं बोट १२. अनामिका असो वा करंगळी, ओळ एकच, ७ टक्के. एक पेर गेलं तर ५. आणि हाड न जाता नुसतं टोक छाटलं गेलं तर २. या छाटण्याला मूळ इंग्रजीत शब्द आहे 'गिलोटिन'. फ्रान्सात राजाचं मुंडकं उडवलं ते यंत्र आमच्या पोराच्या अनामिकेला लावलंय, आणि भाव दोन टक्के.

पण दोन टक्के कशाचे? पगार अठरा हजार. कायदा म्हणतो, भरपाईपुरते पंधराच धरा. म्हणजे वरचे तीन हजार कमावणारा हात कायद्याला दिसतच नाही. पंधराचे साठ टक्के नऊ हजार, त्याला पंचविशीचा गुणक २१६.९१. झाले १९,५२,१९०. माणूस पुरता निकामी झाला तर हा भाव. मेला तर साठऐवजी पन्नास टक्के, म्हणजे १६,२६,८२५. मेलेला स्वस्त पडतो. यातले दोन टक्के ३९,०४४. पेर गेलं असतं तर ९७,६१०. मधल्या साडेअठ्ठावन्न हजारांत तांदळाच्या कणीएवढं हाड आहे. एक्स-रेत ते थोडं गेलंय, थोडं आहे. अर्धं पेर कुठल्या ओळीत बसवायचं, ते तक्त्यात नाही. शेठनं एक्स-रे उजेडाला धरला, बघितला, म्हणाले, "हाड शाबूत आहे, देवाची कृपा. अंगठीसुद्धा अडत नाही." मुलीकडच्यांना दाखवायला हा अभिप्राय उपयोगी पडेल.

सरकारी विमा योजना का नाही, असं विचाराल. ती दहा माणसं असली की लागू होते. शेठकडे आठ आहेत. नववा, दहावा, अकरावा शेजारच्या गाळ्यात बसतात. तिथं बोर्ड वहिनींच्या नावाचा आहे.

आणि आता बटणांची गोष्ट. या प्रेसला दोन बटणं असतात, दोन्ही हातांनी एकदम दाबल्याशिवाय ती खाली येत नाही. का? तर दोन्ही हात बटणावर असले की डायखाली हात नसतो. इतकी साधी, इतकी शहाणी गोष्ट. शेडमधल्या प्रेसचं उजवं बटण काळ्या टेपनं कायमचं दाबून ठेवलेलं आहे. टेपवर ग्रीसचे थर आहेत, म्हणजे ती काही काल लावलेली नाही. एका हातानं पट्टी सरकवायची, दुसऱ्यानं बटण, पीस दीडपट निघतात. उद्या प्रकरण पुढं गेलंच तर शेठचा वकील उभा राहून सांगणार, की कामगारानं सुरक्षेचं साधन जाणूनबुजून निकामी केलं, सबब भरपाई नाही. कायद्यात तशी पळवाट आहे. पण माणूस मेला किंवा पुरता निकामी झाला तर ही सबब चालत नाही, बोटापुरती चालते! म्हणजे टेप लावायची टार्गेटनं, टार्गेट द्यायचं शेठनं, आणि जाणूनबुजूनपणा मात्र पोराचा. याच शेडमध्ये ४ मार्चला सुरक्षा दिन झाला होता. हार, नारळ, सामोसे. उजवा हात पुढं करून शपथ. तेव्हा पाची बोटं होती.

२०१७ पासून मालकावर आणखी एक काम आहे. नोकरीवर घेतानाच कामगाराला त्याचे भरपाईचे हक्क लेखी सांगायचे, त्याला कळेल अशा भाषेत. न सांगितल्यास जुन्या पुस्तकात दंड होता पन्नास हजारांपासून लाखापर्यंत. मी पोराला विचारलं, तुला काही लेखी मिळालं होतं का? म्हणाला, "हो काका, मिळालं ना." आणि खिशातून कँटीनचं कुपन काढलं.

लेखी मिळालं ते आता. पाचशेच्या स्टँपपेपरवर, शुद्ध मराठीत: माणुसकीच्या नात्याने रुपये पाच हजार रोख मिळाले, माझी मालकाविरुद्ध कसलीही तक्रार नाही व पुढे राहणार नाही. इतकी सुंदर मराठी हक्काच्या कागदाला का लाभत नाही, हे माझं जुनं दुखणं आहे. असा हक्क सोडून द्यायचा करार कायद्याच्या लेखी रद्दी आहे. भरपाई आयुक्तांकडे नोंदवला नाही तर मालकाला पूर्ण भरपाई द्यावीच लागते, आणि दिलेल्या पाच हजारांतले निम्म्याहून जास्त आयुक्तांनी मुभा दिल्याशिवाय वजासुद्धा करता येत नाहीत. उपचाराचा खर्च वेगळा, तोही मालकाचाच. महिन्याभरात पैसे दिले नाहीत तर वर १२ टक्के व्याज. दावा करायला दोन वर्षं आहेत. हे मी त्याला कागदावर लिहून दिलं, मोठ्या अक्षरात. आधी केसपेपरवरचं दार काढून तिथं प्रेस लिहून घे, सोबतच्या सात जणांपैकी कोण बोलेल ते बघ, असंही सांगितलं. कोण बोलेल, या प्रश्नावर तो हसला.

"शेठ म्हणतात सही नुसती नको, अंगठापण पाहिजे. उद्या सही माझी नाही म्हणशील," तो म्हणाला. "देऊ का काका?"

"अरे, तीस टक्क्यांचा आहे तो," मी म्हटलं. "खिशात ठेव."