तरुण शेजारी, वय ६८

ज्येष्ठ नागरिकांच्या वसाहतीतला शेजारधर्म म्हणजे कमी म्हाताऱ्याने जास्त म्हाताऱ्याला केलेली मदत. पुण्यात ‘अथश्री’सारख्या मुद्दाम ज्येष्ठांसाठी बांधलेल्या वसाहती आहेत, आणि कोथरूड-सहकारनगरातल्या कित्येक जुन्या सोसायट्या कोणी न ठरवताच तशा झाल्या आहेत. मुले अमेरिकेला गेली, आईवडील फ्लॅट सांभाळत राहिले, एवढेच त्यासाठी पुरेसे होते.

२००७ च्या आईवडील आणि ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार माणूस ६० व्या वर्षी ज्येष्ठ होतो. वसाहतीला हे मान्य नाही. तिथे ६८ वर्षांचा गृहस्थ तरुण मंडळींत मोडतो. गॅसचा सिलिंडर सरकवणे, माळ्यावरून गणपतीचे मखर काढणे, स्टुलावर चढून ट्यूब बदलणे ही कामे त्याची. त्याचा स्वतःचा एक गुडघा बदललेला असतो, पण ‘तुम्हाला काय, तुम्ही तरुण’ या वाक्यापुढे गुडघ्याचे काही चालत नाही. तो ८४ वर्षांच्या शेजाऱ्यांना ‘काका’ म्हणतो. वॉचमन दोघांनाही ‘आजोबा’ म्हणतो, आणि त्यातल्या एकालाच ते लागते.

मदतीचा दिवस दुधाच्या पिशवीपासून सुरू होतो. साडेसातपर्यंत दाराला अडकवलेली पिशवी आत गेली नाही, तर शेजारी बेल वाजवतो. पिशवी बाहेर राहण्याची कारणे दोनच: माणूस आजारी आहे, किंवा कानाचे यंत्र टेबलावर आहे. दुसरे कारण कितीतरी अधिक आढळते. मग फोन केला जातो, तो आत वाजताना बाहेर सगळ्यांना ऐकू येतो. मग दार ठोठावले जाते. अखेर अख्खा मजला जागा होतो, एक माणूस सोडून. अशा वेळेसाठी प्रत्येकाची जादा किल्ली शेजाऱ्याकडे ठेवलेली असते. किल्लीने कुलूप उघडते, दार उघडत नाही; कारण आतून कडी लावल्याशिवाय झोपायचे नाही ही पन्नास वर्षांची सवय एका परिपत्रकाने जात नाही.

परदेशातल्या मुलांचा पहारा याहून कडक. न्यू जर्सीत रात्रीचे साडेआठ वाजले की पुण्यात पहाटेचे सहा वाजतात (हिवाळ्यात सात, कारण तिकडची घड्याळे नोव्हेंबरात तासभर मागे जातात). ‘बाबा फोन उचलत नाहीयेत, जरा बघता का?’ असा फोन शेजाऱ्याला येतो. शेजारी अंथरुणातून उठून बघतो. बाबा खाली बागेत प्राणायाम करत असतात, मोबाइल घरी चार्जिंगला असतो, आणि ‘तुम्ही इतक्या सकाळी कसे उठलात?’ असे कौतुकाने तेच विचारतात.

शेजारधर्माचा खरा हंगाम मात्र नोव्हेंबर. सरकारी निवृत्तिवेतनधारकाला या महिन्यात आपण जिवंत असल्याचे सिद्ध करावे लागते. ८० च्या पुढच्यांना ही मुभा १ ऑक्टोबरपासूनच मिळते. पूर्वी बँकेत जाऊन सही केली की माणूस जिवंत ठरत असे. १० नोव्हेंबर २०१४ रोजी ‘जीवन प्रमाण’ ही डिजिटल सोय सुरू झाली आणि सही गेली, अंगठा आला. आयुष्यभर भाकऱ्या थापून, भांडी घासून किंवा नुसत्या वयाने बोटांवरच्या रेषा पुसट होतात. यंत्र अंगठा ओळखत नाही. समोर बसलेल्या आजी ‘मीच ती’ असे चारदा सांगतात. यंत्राला कानही नसतात. पुढे २०२१ च्या नोव्हेंबरात चेहरा दाखवून दाखला काढायची सोय आली. आता तरुण शेजारी मोबाइल धरून उभा राहतो, आणि अ‍ॅप डोळ्यांची उघडझाप करायला सांगते. फोटो काढताना डोळे मिटायचे नाहीत, हे लग्नातल्या फोटोपासून शिकलेल्या पिढीला ही आज्ञा पटत नाही. ‘काकू, डोळे मिटा.’ काकू मिटतात आणि मिटलेलेच ठेवतात. हयातीच्या दाखल्यासाठी तो फोटो अगदीच चुकीचा.

ओटीपीचा प्रश्न वेगळाच. तो कोणालाही सांगू नये असे बँकेने बजावलेले असते, म्हणून काका तो शेजाऱ्यालाही सांगत नाहीत, आणि काकांचे बरोबरच असते. ते चष्मा शोधून स्वतः टाइप करतात. तोवर मुदत संपते. पोस्टमन ७० रुपयांत घरी येऊन हेच काम करून देतो. पण शेजारी फुकट असताना ७० रुपये कशाला घालवायचे, असा विचार करणारेच पुण्यात निवृत्तिवेतनापर्यंत पोहोचलेले आहेत.

मदतीची परतफेड डब्याने होते. आजाऱ्याला मुगाची खिचडी पोहोचवली की डबा रिकामा परत करता येत नाही. त्यातून लाडू येतात. लाडू घेणाऱ्याला मधुमेह असतो, म्हणून ते तिसऱ्या घरी जातात, तिथे कवळीला झेपत नाहीत म्हणून चौथ्या. आठवड्याने लाडू करणारणीच्याच घरी येतात आणि ‘पाक जरा पुढे गेलाय हो’ असा शेराही तिला ऐकावा लागतो. डबा मूळचा कोणाचा, हे त्या आठवड्यात कोणालाच सांगता येत नाही.

मदत करायला माणसे कमी पडत नाहीत, घ्यायला पडतात. एखाद्या सोसायटीने ‘मदत करू शकेन’ आणि ‘मदत हवी’ अशा दोन रकान्यांची वही ठेवली, तर पहिला रकाना दुपारपर्यंत भरतो. त्यात काठी टेकत आलेले ८९ वर्षांचे गृहस्थही ‘ओझे उचलणे’ यापुढे सही करतात. दुसरा रकाना कोराच राहतो. म्हणून मुरलेला शेजारी मदत देऊ करतच नाही. तो मदत मागायला जातो. ‘काका, हा बँकेचा कागद मला नीट कळत नाहीये,’ म्हणत त्यांचाच कागद त्यांच्यापुढे ठेवतो. काका तासभर त्याला समजावून सांगतात, आणि तेवढ्यात त्यांचे काम होऊन जाते.

केंद्र सरकारची ज्येष्ठांसाठीची मोफत हेल्पलाइन १४५६७ ही आहे. ती सकाळी ८ ते रात्री ८ चालते. आठनंतर शेजारची बेल वाजवावी.