डग्लस यांच्या घरी जाताना: नवशिक्यांसाठी सूचना

मुलगी-जावई व्हर्जिनियात असतील तर वॉशिंग्टन चुकत नाही. व्हाइट हाउसच्या कुंपणाबाहेर एक फोटो, लिंकनच्या पायाशी एक, की पहिला दिवस संपला. दुसऱ्या दिवशी नातीच्या शाळेतल्या धड्यापायी तुम्हाला अॅनाकोस्टिया नदीपलीकडे नेतील. तिथल्या टेकडीवर सीडर हिल, म्हणजे फ्रेडरिक डग्लस यांचं घर. जन्मानं गुलाम, 1838 साली खलाशाच्या वेशात पळालेले, आणि मग जन्मभर गुलामगिरीविरुद्ध लिहीत-बोलत राहिलेले. अशा घरी कसं वागावं ते कुणी शिकवत नाही.

वेळ आधी ठरवून ठेवावी. घर रेंजरबरोबरच पाहायला मिळतं. “जरा डोकावून जातो” तिथं चालत नाही. पायऱ्या चढताना गुडघ्यांचा विषय काढू नये. डग्लस इथं राहायला आले तेव्हा साठीचे होते, आणि त्यांच्या खोलीत डंबेल्स आहेत.

आत गेल्यावर हिरमोड होईल, त्याची तयारी ठेवावी. साखळदंड नाहीत, चाबूक नाहीत. व्हायोलिन आहे, पुस्तकांनी भरलेली कपाटं आहेत, मांडलेलं जेवणाचं टेबल आहे. मूळ 14 खोल्या पुरेनात म्हणून त्यांनी वाढवून 21 केल्या. “बिचारा” हा शब्द तयार ठेवून गेला असाल तर तो गाडीतच ठेवावा.

आता तुमच्या ओठांवर आलेला प्रश्न: घर केवढ्याला घेतलं? खुशाल विचारा, रेंजरला त्याची सवय असते. 1877 साली, 6,700 डॉलरला. हिशेबाची आवड असेल तर दुसरा आकडा शेजारी मांडा. 1845 साली आलेल्या त्यांच्या आत्मकथनात मालकांची खरी नावं होती. पुन्हा धरून नेतील म्हणून ते इंग्लंड-आयर्लंडला निघून गेले, आणि पुढच्या वर्षी तिकडच्या स्नेह्यांनी मालकाला 150 पौंड मोजून त्यांना सोडवलं. एकाच माणसाच्या नावावर दोन खरेदीखतं: एकात तो माल, दुसऱ्यात गिऱ्हाईक.

हे घर बांधणाऱ्या बिल्डरनं टेकडीखाली वसाहतही काढली होती. तिथं काळ्या माणसाला प्लॉट विकायचा नाही अशी अट होती. हे ऐकून “अरेरे” म्हणावं, सगळेच म्हणतात. आपल्या सोसायटीनं भाडेकरूचं आडनाव विचारून मग जागा “आत्ताच गेली” असं सांगितलं होतं, ते तेवढ्यात आठवलं तर बायकोकडे पाहू नये.

बहुतेक पाहुणे लिंकनच्या काठीपाशी रेंगाळतात. ती त्यांच्या पत्नीनं, ते गेल्यावर, डग्लस यांना पाठवली होती. रेंगाळा, पण अॅना मरी हे नावही लक्षात ठेवा. अॅना स्वतंत्र होत्या, बाल्टिमोरला घरकाम करत. डग्लस यांना पळून जायला पैसे त्यांनी दिले, मग त्यांच्याशी लग्न केलं आणि याच घरात 1882 साली गेल्या. त्यांच्यासाठी एवढी गर्दी थांबत नाही.

मागच्या अंगणात एका खोलीची, बिनखिडक्यांची दगडी खोपी आहे. मूळची पडली, ही पुन्हा उभारलेली. डग्लस लिहायला तिथं जाऊन बसत. “मलाही अशी हवी” असं गटातला एक तरी नवरा म्हणतोच. तो काय लिहिणार आहे, हे विचारून त्याला अडचणीत आणू नये.

परतताना ज्ञान पाजळायची संधी येईल. जोतीराव फुल्यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या भल्या लोकांना अर्पण केलं, निग्रो गुलामांना मुक्त करण्यासाठी त्यांनी जे सोसलं त्याबद्दल. हे जरूर सांगावं. मात्र “डग्लस यांनाच अर्पण केलं” असं फॅमिली ग्रुपवर ठोकून देऊ नये. आणि नातीनं “आजोबा, पुण्यात फुल्यांचं घर आहे ना? ते कसं आहे?” असं विचारलंच, तर गंज पेठेत पार्किंग मिळत नाही हे उत्तर आधीच पाठ करून ठेवावं.