साडूभाऊंचे वॅट

पूर्वी दोन साडूंची चढाओढ लागायची ती एकरी ऊस किती पडला आणि मुलगा कुठे चिकटला यावर. आता ती अँप्लिफायरवर आली आहे. आमच्या एका मावशीचे यजमान साताऱ्यात शाहूपुरीत राहतात, दुसरीचे सांगलीत विश्रामबागेत. दोघेही निवृत्त, दोघांचे गुडघे आळीपाळीने दुखणारे, आणि दोघांच्याही हॉलमधल्या शोकेसमध्ये, बाहुल्या आणि सेवानिवृत्तीच्या ट्रॉफीच्या मधोमध, एकेक छोटा स्टिरिओ अँप. तो रोज ऐकला जातो की नाही ठाऊक नाही. बदलला मात्र सारखा जातो.

साताऱ्याच्या काकांचा मूळचा अँप गावातल्याच कारागिराने जोडून दिलेला, चव्वेचाळीस-चाळीसच्या आयसीचा. रेडिओ दुरुस्तीच्या फळीवर कोपर टेकून ज्यांचं तारुण्य गेलं, त्यांना हा आकडा सांगावा लागत नाही. सान्यो कंपनीने तो आयसी केला होता मोटारीतल्या टेपसाठी. दोन बाजूंना 6-6 वॅट, आणि दोन्ही बाजू जुंपून एकाच स्पीकरला दिल्या तर 19. बाजारातल्या डब्यांवर मात्र त्या काळी पीएमपीओ नावाचा आकडा छापलेला असे, तो हजारांत. सभेला जमलेली गर्दी पक्षाचा तालुकाध्यक्ष ज्या पद्धतीने मोजतो, त्याच पद्धतीने तो मोजत असावेत.

मग सांगलीच्या काकांनी तळहातावर मावेल असा चिनी बोर्ड मागवला. टीपीए 3116, क्लास डी, 50 अधिक 50 वॅट. मागवला याचं दुःख नव्हतं, फोन करून सांगितलं याचं होतं. चार दिवसांत तोच बोर्ड शाहूपुरीत हजर! त्याला लावला घरातला जुना अडॅप्टर, 12 व्होल्ट, 2 अँपिअर. म्हणजे सगळे मिळून 24 वॅट. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, पण काकांना "आवाज मोकळा झाला" असं स्पष्ट ऐकू आलं. पुढे 24 व्होल्टचा अडॅप्टर आला, तेव्हा तो आणखी मोकळा झाला. मग कंडेन्सर बदलले, ऑपअँप बदलला, सोन्याचा मुलामा दिलेल्या पिनांची वायर आली. प्रत्येक वेळी मावशीला हाक मारून विचारलं जाई, "फरक जाणवतो?" मावशी कणकेच्या हातांनी दारात उभी राहून म्हणे, "जाणवतो. पोळ्यांना उशीर होतो."

हिशेब पाहा. साधारण घरगुती स्पीकरला 1 वॅट दिला की एक मीटरवर 85 ते 90 डेसिबल आवाज निघतो. ध्वनिप्रदूषणाचे जे नियम 2000 साली आले, त्यांत निवासी भागाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल. म्हणजे काकांनी पहिला वॅट नीट वापरला तरी शेजारी उठून येतील. उरलेले नव्व्याण्णव घरात नुसते पोसायचे. बरं, 50 चे 100 वॅट केले तर वाढतात 3 डेसिबल, आणि कानाला आवाज दुप्पट वाटायचा तर शक्ती दहापट लागते. हे दोघांनाही समजावून सांगितलं. दोघांनीही "म्हणजे 1000 वॅटचा घ्यावा लागेल" असा एकच निष्कर्ष काढला. साडू उगाच नाही.

ऐकायचं काय? तर अब्दुल करीम खाँसाहेब. खाँसाहेब मिरजेचे, 1937 साली गेले, दफनही मिरजेच्या दर्ग्यात. त्यांच्या तबकड्या 78 फेऱ्यांच्या, एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं, आणि मोनो. डाव्या स्पीकरमधून जे येतं तेच उजव्यातून येतं. तरीही सांगलीचे काका डोळे मिटून "स्टेज केवढं रुंद झालंय" असं सांगतात.

खरी सुधारणा फुकटात होती. स्पीकर शोकेसमधून काढून भिंतीपासून हातभर पुढे ठेवायचे, दोन्ही कानाच्या उंचीला. सध्या एक काचेमागे आहे आणि दुसरा फ्रीजवर, छताकडे तोंड करून. पण त्यात विकत घेण्यासारखं काही नाही, शिवाय मावशीची परवानगी लागते.

एवढ्यात खालून वरात जाते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर डॉल्बीची भिंत, मागे धूर सोडणारा जनरेटर. शोकेसमधल्या बाहुल्या चालू लागतात, खाँसाहेब ओठ हलवताहेत की गाताहेत ते कळत नाही. नियम 2000 सालचेच आहेत, तक्रार करावी तर वरात नगरसेवकाच्या पुतण्याची. साताऱ्याचे काका खिडकीशी उभे राहून तावदान दोन्ही हातांनी धरतात आणि कौतुकाने म्हणतात, "बेस मात्र घट्ट आहे हं यांचा."

गेल्या दिवाळीत दोघांना मिरजेत सतारमेकर गल्लीत नेलं. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळे जाणं भाग होतं. कारागीर तंबोऱ्याची जवारी लावत होते. घोडीवर कानस अगदी अलगद फिरवायची, तारेखाली सुताचा धागा सरकवायचा, तार छेडायची, धागा केसभर मागे घ्यायचा. अचानक एका जागी तार नुसती वाजायची थांबली आणि तिच्यातून सूरच सूर झणझणत बाहेर पडू लागले. पंढरपूरच्या बाजूला पिकलेला भोपळा, त्याला ना प्लग ना अडॅप्टर, आणि खोली भरून गेली.

साताऱ्याचे काका माझ्या कानाशी लागले. "डिस्टॉर्शन येतंय रे थोडं."

सांगलीच्या काकांनी मान डोलावली आणि जाणकाराच्या सुरात कारागिराला विचारलं, "वायर कुठली वापरता?"

"तीन पोलादी," ते मान वर न करता म्हणाले, "खर्जाला पितळेची."

साडूंनी एकमेकांकडे पाहिलं. पितळेतून तांब्याच्या मानाने वीज कितीतरी कमी वाहते, हे मी परतीच्या रिक्षात दोनदा सांगितलं. पण विश्रामबाग येईपर्यंत सांगलीच्या काकांनी हार्डवेअरवाल्याला फोन लावला होता आणि साताऱ्याचे काका मागून बोटांनी खुणावत होते, "माझीही आठ मीटर सांगा, साडूभाऊ. खर्जाला हवी म्हणावं."