पाचव्या डावाचा न्याय

कोलंबस, ओहायो

तीर्थरूप अण्णा व आई,

अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीवरून आपल्या नाशिकच्या सातपुरात अजून दोन तट असणारच, आणि अण्णा दोन्हीकडून भांडत असणार. 2 फेब्रुवारी 2025 ला पंचांनी शिवराज राक्षेला पृथ्वीराज मोहोळविरुद्ध चितपट दिलं. पाठ पूर्ण टेकलीच नव्हती, असं शिवराजचं म्हणणं. मग पंचांची कॉलर, मग लाथ. त्याच दिवशी अंतिम कुस्तीत गुणांवरून चिडून महेंद्र गायकवाड काही सेकंद उरली असताना आखाडा सोडून गेला. दोघांवर तीन वर्षांची बंदी आली. लाथेला शिक्षा हवीच. पण लाथेचा निकाल लागला म्हणून पाठीचा प्रश्न मिटत नाही. चौकशीतून काहीही निघालं तरी झालेली कुस्ती परत लागत नाही, आणि माझी तक्रार नेमकी तिथे आहे.

इथल्या कॉलेज फुटबॉलने हेच दुखणं वर्षानुवर्षं पोसलंय. या खेळात चार डावांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाहीतर चेंडू समोरच्यांना. 6 ऑक्टोबर 1990 ला मिझुरीच्या मैदानावर पंच चारपर्यंत मोजताना चुकले. कोलोरॅडोला पाचवा डाव मिळाला, त्यावर त्यांनी शेवटच्या क्षणी सामना 33–31 असा जिंकला. पंच निलंबित झाले, निकाल तसाच राहिला, आणि मोसमाअखेर राष्ट्रीय विजेतेपदात कोलोरॅडोचा वाटा होता. वर त्यांचे प्रशिक्षक बिल मॅककार्टनी यांनी मैदान निसरडं होतं अशी तक्रारही केली. (जिंकलेल्यानेच आधी रडायचं, हे शास्त्र इथेही पाळतात.) 2015 मध्ये ड्यूकविरुद्ध मायामीला असाच शेवटच्या क्षणी, पंचांच्या चुकांमुळे विजय मिळाला. 2016 मध्ये ओक्लाहोमा स्टेटचा सामना वेळ संपल्यामुळे तिथेच थांबायला हवा होता; पंचांनी एक डाव जास्तीचा दिला आणि सेंट्रल मिशिगन 30–27 ने जिंकलं. दोन्ही वेळा चूक जाहीरपणे मान्य झाली, दोन्ही वेळा पंच दोन सामने घरी बसले. इथला ठरलेला दर तोच दिसतो. हरलेल्यांच्या हाती मात्र माफीचा कागद. आपल्या सातपूरच्या एमआयडीसीत सदोष माल तपासणीतून सुटला, तर इन्स्पेक्टरला दोन पाळ्या घरी बसवून साहेब मोकळे होत नाहीत; लॉट परत मागवावा लागतो.

अण्णा म्हणतील, प्रशिक्षक काय कमी चुकतात? मुळीच नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये मायामी 20–17 ने पुढे होती, चेंडू त्यांच्याच हाती, आणि खेळाडूने गुडघा टेकला असता तर घड्याळच सामना संपवून मोकळं झालं असतं. त्यांचे प्रशिक्षक मारिओ क्रिस्टोबल यांनी धावायला लावलं, चेंडू हातातून सुटला, आणि जॉर्जिया टेकने सामना 23–20 असा नेला. हा मूर्खपणा मला पूर्ण मान्य आहे, कारण तो खेळाचाच भाग आहे. डोकं चालवण्याचा पगार घेणाऱ्याने ते चालवलं नाही, आणि त्याचा फायदा प्रतिस्पर्ध्याने स्वतःच्या हिमतीवर उचलला. पंचाच्या चुकीत अशी कुणाची कमाई नसते.

दुसरी हरकत जास्त वजनदार आहे: शेवटची चूक सुधारायची, तर पहिल्या पाच मिनिटांतली का नको? कारण पहिल्या पाच मिनिटांनंतर खेळाडूला उत्तर द्यायला वेळ असतो. शेवटी तो नसतो, आणि चितपटनंतर तर कधीच नसतो. कुस्ती तिथेच संपते. म्हणून सगळेच निर्णय उकरायला मी सांगत नाही. ज्यापुढे खेळ उरत नाही आणि जे चित्रफितीवर निर्विवाद दिसतं, तेवढंच. ‘पंचांमुखी परमेश्वर’ हे मलाही मान्य आहे, पण परमेश्वराने एकदा पडद्याकडे पाहिलं तर त्याचं काही कमी होत नाही.

आणि हे जमतच नाही, असं कुणी म्हणू नये. 1940 मध्ये कॉर्नेलने डार्टमथविरुद्ध पाचव्या डावावरच 7–3 ने विजय मिळवला होता. पुढे चित्रफीत पाहिली, पंच फ्रीसेल यांनी चूक कबूल केली, आणि कॉर्नेलने स्वतःहून विजय परत केला. आजही नोंद आहे ती डार्टमथ 3, कॉर्नेल 0 अशीच. त्या काळी ना रिप्ले होता, ना चॅनेलवाले. पुढे 2004 पासून इथे रिप्लेची सोय आली, तरी निकाल फिरवण्याचं धाडस मात्र पुन्हा फारसं दिसलं नाही.

हर्षवर्धन सदगीरने 2020 मध्ये नाशिकला महाराष्ट्र केसरीची गदा आणून दिली, तेव्हापासून कुस्तीत नाशिककरांच्या शब्दाला वजन आलंय. तेव्हा अण्णा, तालमीतल्या वस्तादांपुढे एवढं मांडाच: चितपटचा निर्णय पडद्यावर पाहिल्याशिवाय कुणाचा हात वर करू नका, आणि नंतर चूक सिद्ध झाली तर कुस्ती पुन्हा लावा. आईला म्हणावं, लाडू पोचले.

आपला,
धाकटा