इतर हक्क

आमच्या औंधच्या माणसाला जन्मभर एक खुलासा करत राहावा लागतो. "गाव कुठलं?" "औंध." "म्हणजे परिहार चौकाच्या अलीकडं की पलीकडं?" मग सांगायचं, नाही हो, ते पुण्याचं. आमचं यमाईचं, पंतप्रतिनिधींचं, तालुका खटाव. समोरचा "अच्छा, अच्छा" म्हणतो, आणि आपल्या जागेचा भाव चौरस फुटाला किती उतरला ते त्याच्या चेहऱ्यावर दिसतं. माझं प्रकरण जरा जास्त गुंत्याचं. जन्म या औंधातला, बँकेतली नोकरी संपता संपता घर त्या औंधात, आणि निवृत्तीनंतर पुन्हा या औंधात. आमच्या घरच्यांचं मत असं, की हा माणूस औंधच्या बाहेर कधी पडलाच नाही.

त्या औंधानं मला दोन गोष्टी दिल्या. एक गुडघेदुखी आणि एक फुटबॉल क्लब. गुडघेदुखी अजून आहे.

तसा मी फुटबॉलच्या मातीतला नव्हे. आमचं गाव तांबड्या मातीचं आणि सूर्यनमस्कारांचं. इथल्या राजेसाहेबांनी, म्हणजे भवानराव पंतप्रतिनिधींनी, स्वतः नमस्कार घातले, रयतेकडून घालून घेतले आणि वर इंग्रजीत पुस्तक लिहून साहेबालाही घालायला सांगितले. नमस्काराला ना बॉल लागतो, ना मालक, ना प्रायोजक. पण २०१४ साली इंडियन सुपर लीग सुरू झाली, पुण्याला एफसी पुणे सिटी नावाचा संघ मिळाला, आणि तो खेळणार होता बालेवाडीत, माझ्या घरापासून स्कूटरच्या अंतरावर. शाखेतल्या एका पोरानं जास्तीचा पास दिला. सत्तावन्नाव्या वर्षी माणसाला नवं व्यसन लागत नाही असं म्हणतात. साफ खोटं आहे.

केशरी जर्सी मी पहिल्या महिन्यातच घेतली. दुकानात माझ्या मापाची नव्हती, म्हणून एक माप लहान घेतली; पोटावरचा घोडा आडवा ताणून गाढवासारखा दिसायचा. संध्याकाळी बालेवाडीच्या सिमेंटच्या पायरीवर वर्तमानपत्र घालून बसायचं, शेजारी ढोल, पायाशी डास, आणि समोर दावीद त्रेझेगे. होय, तोच. युरो २००० च्या अंतिम सामन्यात इटलीला जादा वेळेत गारद करणारा त्रेझेगे. आमच्याकडे आला तेव्हा वय सदतीस. पळायचा कमी आणि उभा राहायचा जास्त, पण उभा कुठं राहायचं हे त्याला बाकी सगळ्या मैदानापेक्षा चांगलं कळायचं. बँकेत असे एकदोन हेडकॅशियर मी पाहिलेत.

पुढच्या वर्षी मुतू आला. त्याच्या पुढच्या वर्षी आइसलंडचा गुड्योनसेन यायचा होता. तो हंगामाआधीच जायबंदी झाला, मग सिसोको आला. आणि प्रशिक्षक! पाच हंगामांत सात. कोलोम्बा, प्लॅट, हबास, पोपोविच, पोर्तुगाल, मध्ये हंगामी म्हणून आपले प्रद्युम्न रेड्डी, शेवटी फिल ब्राउन. यातले पोर्तुगाल हे गृहस्थ स्पेनचे. ते जेमतेम तीन सामने टिकले, त्यामुळे नावाचा हा घोळ घरी समजावून सांगेपर्यंत घरी गेलेसुद्धा. फिल ब्राउन यांची कीर्ती आधीच ऐकली होती. २००८ च्या डिसेंबरात मँचेस्टर सिटीविरुद्ध मध्यंतराला चार गोल बसले, तेव्हा त्यांनी हल सिटीच्या खेळाडूंना आत न नेता मैदानातच मांडी घालून बसवलं आणि प्रेक्षकांदेखत झापलं. वर्ग झाडाखाली भरवणारे मास्तर आमच्या लहानपणी होते, त्यामुळे मला या माणसाबद्दल आधीपासून आपुलकी.

हंगाम एकच बरा गेला, २०१७-१८ चा. मार्सेलिन्यो आणि अल्फारो ही जोडगोळी जमली, आम्ही चौथे आलो. उपांत्य फेरीत बंगळुरू. बालेवाडीत शून्य-शून्य. शून्य-शून्यच्या सामन्यालाही माणूस घसा बसेपर्यंत ओरडू शकतो, हे मला त्या रात्री कळलं. चार दिवसांनी बंगळुरूत छेत्रीनं एकट्यानं तीन मारले आणि प्रश्न मिटवला. मी जर्सी धुऊन इस्त्री करून ठेवली. पुढच्या वर्षी बघू.

पुढचं वर्ष आलं, त्याच्या पुढचं मात्र आलं नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये बातमी आली, की पुण्याचा संघ बंद आणि त्याच्या जागी हैदराबाद. मालक होता वाधवान समूह. त्यांची घरांसाठी कर्ज देणारी कंपनी डीएचएफएल. तिचे हप्ते जूनपासूनच चुकायला लागले होते, आणि नोव्हेंबरात तर रिझर्व्ह बँकेनं तिचं संचालक मंडळच बरखास्त केलं. मी जन्मभर कर्जखाती सांभाळलेला माणूस. थकलेलं खातं मला वासावरून कळतं. पण मैदानाच्या कडेला जाहिरातीचा फलक लावणारं खातंही थकू शकतं, हे मात्र माझ्या डोक्यात आलं नाही. प्रेमात पडलेला माणूस ताळेबंद वाचत नाही.

खरं तर डोक्यात यायला हवं होतं, कारण पुण्याचा इतिहासच तसा. पिरामल समूहाचा पुणे एफसी २००७ साली निघाला, २०१२-१३ ला आय-लीगमध्ये दुसरा आला आणि २०१५ ला आटोपला. कल्याणी समूहाचा भारत एफसी एकच हंगाम खेळला. त्याची जर्सी घेतलेल्यानं ती धुवायच्या आत क्लब संपला असणार. मग डीएसके शिवाजियन्स, बांधकाम व्यावसायिकांचा. तोही दोन हंगामांत २०१७ ला गेला. चौथे आम्ही. पाच वर्षांच्या आत चार क्लब. त्यातल्या एकाचा मालक घरं बांधणारा आणि एकाचा घरांना कर्ज देणारा, तरी एकालाही पुण्यात घर मिळालं नाही. पुणे तिथे काय उणे, याचं एक उत्तर आता माझ्याकडे आहे.

मी तोवर निवृत्त होऊन इथं आलो होतो. स्टँडजवळच्या हॉटेलात सकाळचा चहा घेताना ही व्यथा मी भाऊसाहेबांपुढे मांडली. भाऊसाहेब म्हणजे निवृत्त तलाठी. जगातली कुठलीही घडामोड त्यांना महसूल खात्यातून दिसते.

"म्हंजे संघ बुडाला न्हाय," ते बशीत चहा ओतत म्हणाले. "बदली झाली."

"बदली कसली? नाव बदललं, गाव बदललं, रंग बदलला."

"मास्तर कोन?"

"तोच. फिल ब्राउन."

"पोरं?"

"बरीचशी तीच."

"मग बदलीच की. आमच्यात सजा बदलतो, तलाठी त्योच ऱ्हातो."

त्यांचं म्हणणं मला आधी पटलं नाही, पण त्याच महिन्यात दिल्लीचा डायनामोज नावाचा संघ भुवनेश्वरला गेला आणि ओडिशा झाला, तेव्हा पटलं. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्या मे महिन्यात होतात, फुटबॉलच्या ऑगस्टमध्ये, एवढाच फरक.

आता खरी पंचाईत पुढे आहे. हैदराबाद पहिल्या सामन्यात कोलकात्यात पाच गोल खाऊन आलं. मला बरं वाटलं. वाईट वाटून घ्यायला हवं होतं, पण बरं वाटलं. हंगामाअखेर ते तळाला गेले, तेव्हा मी हॉटेलात सगळ्यांचा चहा दिला. आणि २० मार्च २०२२ ला, गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर, त्याच हैदराबादनं केरळला पेनल्टीवर हरवून करंडक जिंकला! कट्टीमनीनं तीन पेनल्टी अडवल्या. मी इथं घरात टीव्हीसमोर उभा राहून टाळी वाजवली, मग दचकून खाली बसलो. आपण विकलेली म्हैस शेजारच्या गोठ्यात चरवी भरून दूध देते, तेव्हा माणसानं करावं काय? अभिमान धरला तर लोक हसतात. हळहळलं तर घरचे म्हणतात, तुम्ही कुठं विकली होती? ती तुमची होती कधी?

तेही खरंच. पण म्हैस पुढे तिथंही आटली. दोन वर्षांत हैदराबादचे पगार थकले, परदेशी खेळाडू सोडून गेले, २०२३-२४ च्या २२ सामन्यांत एकच विजय. नवे मालक आले, आणि २०२५ च्या ऑक्टोबरात संघ उचलून दिल्लीला नेला. नाव स्पोर्टिंग क्लब दिल्ली. म्हणजे पुण्याहून निघाले, निजामाच्या मुलखात विजय मिळवला आणि दिल्लीत जाऊन तळ ठोकला. मराठ्यांनी १७६० साली उदगीर करून दिल्ली घेतली, त्याच चालीनं. पुढचा मुक्काम कुठला, हे विचारायला मराठी माणसाला ज्योतिषाकडे जावं लागत नाही.

हे सगळं ऐकून माझे कोल्हापूरचे मेव्हणे पोट धरून हसतात. कोल्हापूरचा फुटबॉल तालमींचा. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण. शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठेतली दुकानं अर्ध्या फळीवर येतात. "आमचं पाटाकडील हैदराबादला न्यायचं म्हणजे," मेव्हणे म्हणतात, "पयली पेठ उचलाय लागंल. उचला म्हणावं." भांडणं तिथंही होतात आणि अशी होतात, की पोलिसांची व्हॅन स्टेडियमबाहेर आधीच उभी असते. पैशाची ओढाताण असतेच, वर्गणी मागत फिरावं लागतं. पण विकत घेणाऱ्यानं कागद मागितला, तर द्यायचा कुणाचा? तालमीवर कुणा एकाचं नावच नाही. पुण्याच्या चारही क्लबांचे कागद चोख होते, आणि म्हणूनच ते एका सहीत गेले.

कागद म्हटल्यावर भाऊसाहेब खुलले. त्यांनी हॉटेलातलं वर्तमानपत्र उलटं केलं आणि समासात पेन्सिलीनं रकाने आखले. हात थरथरतो त्यांचा, पण रकाने सरळ येतात.

"ह्यो सातबारा. हितं भोगवटादार, म्हंजे मालक. तुमचं नाव हितं येत न्हाय."

"नाही."

"आन् ह्यो इतर हक्काचा रकाना. हितं कूळ बी लागतं आन् बोजा बी लागतो. तुमी कशात बसता?"

मी विचार करून म्हणालो, कूळ. पाच हंगाम पायरी मी कसली, ऊन-डास मी सोसले. भाऊसाहेबांना ते मान्य झालं. म्हणाले, मग तुमाला कायदा लागाय पायजे हुता. १९४८ चा कूळकायदा आणि १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन, या दोन गोष्टी ते स्तोत्रासारख्या म्हणतात; त्या दिवशी कसणारं कूळ कायद्यानं मालक मानलं गेलं. मी त्यांना सांगितलं, की जर्मनीत असा एक कायदा आहे म्हणा ना. तिथल्या लीगचा नियम असा, की क्लबातली निम्म्याहून अधिक मतं सभासदांच्या हातात राहिली पाहिजेत, पैसेवाला कितीही मोठा असो. एकदोन कारखान्यांच्या संघांना त्यातून सूट आहे, पण नियम तो. भाऊसाहेबांनी बशी खाली ठेवली. जर्मनीबद्दल त्यांचं मत तेवढ्यापुरतं एकदम चांगलं झालं.

"पर मालकानं आपणहून दिलं तर कायदा कशाला लागतोय?" कोपऱ्यातनं हॉटेलवाला बोलला. त्याचा रोख टेकडीच्या दिशेला होता, जिथं वर मूळपीठाची यमाई आणि वाटेत राजेसाहेबांचं संग्रहालय आहे. बाहेरगावचे लोक तिथं रविवर्म्याची चित्रं आणि हेन्री मूरचं शिल्प बघायला येतात. पण या राजेसाहेबांचा आणखी एक फेरफार आहे. १९३९ च्या जानेवारीत त्यांनी घटना जाहीर करून राज्यच रयतेच्या स्वाधीन केलं. गांधीजींचा सल्ला, मॉरिस फ्रीडमन नावाच्या पोलिश इंजिनिअरची खटपट, चिरंजीव अप्पासाहेबांचा हट्ट. बहात्तर गावांचं संस्थान, तेही सलग नव्हे; तुकडा इथं, तुकडा आटपाडीकडे, तुकडा पार विजापूरकडे. ताळेबंदाच्या दृष्टीनं बघितलं तर आमचा क्लब बरा. पण या मालकानं ते दुसऱ्याला विकलं नाही, रयतेला दिलं. आता रयतेनं त्याचं पुढं काय केलं, हा विषय हॉटेलात काढू नये. काढला की दुपार होते.

हे संभाषण झालं २०२६ च्या जानेवारीत, पौषातल्या यात्रेच्या दिवसांत. तेव्हा लीगच बंद पडलेली. फेडरेशनचा व्यापारी भागीदाराशी असलेला करार डिसेंबरात संपला, नव्याचा पत्ता नाही, सगळ्या क्लबांचे खेळाडू हात बांधून बसलेले. भाऊसाहेबांनी पेन्सिल ओली करून इतर हक्काच्या रकान्यात माझं नाव लिहिलं, अगदी वडिलांच्या नावासकट. मग चष्मा वर करून विचारलं, "वारस?"

मी म्हणालो, नातू आहे की, ठाण्याला. पण तो मुंबई सिटीचा. निळ्या जर्सीतला. आमच्यावर तो कायम हसत आला, कारण त्यांच्याकडे दोन करंडक, दोन शिल्ड, आणि २०१९ पासून वर मँचेस्टरची मंडळी, खजिन्याला तळ नाही. "तुमचा मालक उधारीवाला होता, आजोबा," असं तो मला तोंडावर म्हणालेला आहे.

"तरी इचारा," भाऊसाहेब म्हणाले. "वारसाची संमती लागती."

मी तिथूनच फोन लावला. बराच वेळ वाजला. मग उचलला, पण पलीकडून आवाज नाही.

"काय रे, बरं नाही का?"

"आजोबा," तो म्हणाला, "मँचेस्टरवाल्यांनी हिस्सा सोडला. गेले ते. म्हणजे आता आपलं काय?"

मी फोनवर हात ठेवून भाऊसाहेबांना सांगितलं. त्यांनी पेन्सिल पुन्हा जिभेला लावली, आणि पोऱ्याला आणखी दोन चहा सांगितले.